‘थोडं कमी करा ना’: पाहुण्याची मागणी आणि तुमचा हिशेब

राजगुरुनगरात घरातल्या वरच्या दोन खोल्या किंवा मोकळा पडलेला फ्लॅट पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी देणारी मंडळी भेटली की एक विषय हमखास निघतो. पाहुणा मेसेज करतो, ‘लास्ट किती?’, ‘आम्ही दोघंच आहोत, बघा ना काहीतरी’, ‘चार दिवस राहतो, फायनल सांगा.’ आता काय करायचं? कमी केलं तर लुटलं गेल्यासारखं वाटतं. नाही केलं तर खोली रिकामी राहण्याची धास्ती. मग बहुतेक जण दोनशे रुपये सोडतात आणि पाहुणा जाईपर्यंत मनात चडफडतात.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे चालतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी चाकणला पाहिले असतील. बाहेरून ते गूढ वाटतं. पण विकणाऱ्याच्या मनात एक आकडा पक्का असतो: याच्या खाली गेलं तर बैल दावणीला परत. आपल्याकडे नेमका तोच आकडा नसतो. म्हणून पाहुण्याला काय उत्तर लिहायचं हे नंतर बघू. आधी कागद-पेन घ्या.

खालचा आकडा काढा, एक नव्हे दोन

समजा, तुमच्या वन बीएचकेचा दर रात्रीला २,००० रुपये आहे. हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट असे मिळून महिन्याला १२,००० जातात. महिन्यात साधारण १५ रात्री भरतात, म्हणजे रात्रीला ८०० झाले. प्रत्येक पाहुणा गेला की साफसफाई आणि चादरी-टॉवेलची धुलाई ४००. वीज, पाणी, गॅस, चहा-साखर रोजचे २००. एका रात्रीचा पाहुणा तुम्हाला १,४०० ला पडतो (हा पहिला खालचा आकडा) आणि हातात ६०० राहतात. प्लॅटफॉर्मचा वाटा यात अजून धरलेलाच नाही.

आता दहा टक्के सवलत द्या. गेले २०० रुपये. पाहुण्याच्या लेखी ते दहा टक्के. तुमच्या लेखी कमाईतला तिसरा हिस्सा. तीस टक्के दिलेत तर रात्र फुकट गेली, वर चादरी धुवायच्या राहिल्या.

हाच हिशेब महिनाभराच्या पाहुण्याला लावा. तो म्हणतो, रात्रीला १,००० देतो, म्हणजे सरळ निम्मे. ऐकताच राग येतो. पण ३० रात्रींचे ३०,००० झाले. त्यातून रोजचा खर्च ६,०००, आठवड्याला एकदा अशी चार वेळा साफसफाई १,६०० आणि महिन्याचे ठरलेले १२,००० वजा केले, तरी १०,४०० उरतात. पूर्ण दराने एकेका रात्रीचे १५ पाहुणे घेतलेत, तर २,००० मधून साफसफाई आणि रोजच्या खर्चाचे ६०० जाऊन प्रत्येकी १,४०० उरतात; १५ गुणिले १,४०० म्हणजे २१,०००. त्यातून १२,००० गेले, उरले ९,०००. पन्नास टक्के सवलत देऊन तुम्ही जास्त कमावलेत आणि पंधरा वेळा चादरी बदलायचा त्रासही वाचला. एका रात्रीसाठी दहा टक्के महाग पडतात, महिन्यासाठी पन्नास टक्के परवडतात, ते असे.

दुसरा आकडा आज रात्रीचा. संध्याकाळचे सात वाजलेत, खोली रिकामी आहे, कोणी फोन केला. हप्ता आणि मेंटेनन्स तसाही जाणारच आहे. अशा वेळी तुमचा खालचा आकडा १,४०० नसतो, ६०० असतो (साफसफाई ४०० आणि रोजचे २००). हजाराला दिलीत तरी ४०० मिळाले. मात्र हे रोज करू नका आणि जाहीर तर मुळीच करू नका. नेहमीचे पाहुणे फार लवकर शिकतात. उद्यापासून तेही सातनंतरच फोन करतील.

हे आकडे तुमच्या घराचे वेगळे असतील. मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं, धुलाईवाल्याची वही आणि बँकेचं पासबुक समोर घेऊन काढा. अंदाजाने काढलेला आकडा नेहमी आपल्याला हवा तेवढाच निघतो.

सवलत कशाच्या बदल्यात?

माझं मत सांगतो. सवलत माणूस बघून द्यायची नसते, त्याच्या मागणीने आपला खर्च किंवा धोका किती कमी झाला ते बघून द्यायची. पुढच्यापैकी काही मिळत असेल तर दर जरूर कमी करा:

- जास्त रात्री. सात रात्रींना एक दर आणि महिन्याला दुसरा, आधीच ठरवून टाका. एअरबीएनबीसारख्या प्लॅटफॉर्मवर आठवड्याची आणि महिन्याची (२८ किंवा अधिक रात्रींची) सवलत सेटिंगमध्ये भरून ठेवता येते. मग विचारायचा प्रश्नच कमी होतो.
- मंदीचे दिवस. ते कसे ओळखायचे, ते पुढे सांगतो.
- आगाऊ पूर्ण पैसे आणि रद्द न होणारं बुकिंग. तुमचा धोका गेला, त्याचा मोबदला द्यायला हरकत नाही.
- पुन्हा येणारी कंपनी किंवा पाहुणा. पहिल्याच मुक्कामाला नव्हे. ‘आम्ही नेहमी येणार आहोत’ असं म्हणणारे बरेच जण पुन्हा दिसत नाहीत. तिसऱ्या खेपेपासून द्या.

आणि पुढच्या कारणांसाठी देऊ नका: शेजारच्या लॉजवर स्वस्त आहे, आम्ही फक्त झोपायलाच येणार, चौघांऐवजी तिघंच आहोत (तिघांनाही गीझर लागतोच), आणि ‘अमुक साहेबांनी तुमचं नाव सांगितलं’.

हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यांत अवघड. खेड तालुका मोठा असला तरी ओळखी दाट आहेत. मामांच्या गावचा, भावकीतला, पतसंस्थेतला, कोणी ना कोणी निघतोच. मी स्वतः एकदा श्रावणातल्या शनिवार-रविवारी एका पाहुण्यांच्या पाहुण्यांना निम्म्या दरात खोली दिली. ते गेले आणि पुढच्या पंधरा दिवसांत चार फोन आले, ‘त्यांना दिली त्या भावात द्या.’ तेव्हापासून नियम केला: अगदी जवळच्यांकडून पैसेच घ्यायचे नाहीत आणि बाकी सगळ्यांना ठरलेला दर. अधलंमधलं काही ठेवलं की नातंही जातं आणि पैसेही.

द्यायचंच असेल तर भावाऐवजी ताटात द्या. वाडा-चासकडे शेतघर चालवणाऱ्यांना हे जास्त सोपं. दर कायम ठेवून रात्रीचं मासवडीचं जेवण दिलंत, तर तुमचा खर्च थोडा होतो आणि पाहुण्याच्या लक्षात ते राहतं. दुपारी बारापर्यंत खोली सोडायची मुभा किंवा लवकर येण्याची सोय ही तर बहुधा फुकटातली सवलत.

इथलं कॅलेंडर पुण्या-मुंबईचं नाही

दरांबद्दलचे बरेच सल्ले लोणावळा-गोवा डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात: शनिवार-रविवार महाग, मधले दिवस स्वस्त. राजगुरुनगरला ते निम्मंच लागू पडतं.

चाकण एमआयडीसीत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे उद्योग आहेत. मशीन बसवायला आलेला तंत्रज्ञ, ऑडिटर, नवीन लाइनच्या चाचणीला आलेली टीम यांचा मुक्काम सोमवार ते शुक्रवार असतो. शिवाय पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे कामासाठी आलेला पाहुणा तुमच्याकडे असेल तर तुमचा मंगळवार गर्दीचा आणि शनिवार मोकळा, असंही होऊ शकतं. अशा वेळी मंगळवारची सवलत मागणाऱ्याला ‘मधला वार आहे’ म्हणून ती देऊन टाकणं म्हणजे आपल्याच हाताने तोटा. आपल्या वहीत वार टाकून बघा, मग ठरवा.

यात्रेकरूंचं गणित आणखी वेगळं. भीमाशंकरला जाणारे काही जण मंचर-घोडेगावमार्गे जातात, काही आपल्याकडून चास-वाड्याच्या रस्त्याने. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस सगळ्यांना माहीत असतात. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. चाकण पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून कामाला आलेली माणसं हजारोंनी आहेत. त्यांचे सोमवार आपल्या आषाढातच लागतात. ते सोमवार आणि त्याआधीचे रविवार मंदीचे समजून सवलतीत देऊ नका. अधिक मास असला तर त्यातही ज्योतिर्लिंगांना गर्दी होते.

याखेरीज लग्नाच्या दाट तिथी (पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांमुळे), निमगावच्या खंडोबाची यात्रा, आळंदीची कार्तिकी आणि पावसाळ्यातले भोरगिरीचे ट्रेकर. हे दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशी सवलत शून्य. विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. खोली कोणीतरी घेतोच.

उत्तर कसं लिहायचं

फोनवर आकडा सांगू नका. ‘बघून मेसेज करतो’ म्हणा आणि वही उघडा. फोनवर आपण समोरच्याच्या आवाजाला भुलतो. दुसरं, पाहुणा ज्या भाषेत लिहितो त्याच भाषेत उत्तर द्या. आणि लांबलचक कारणं देऊ नका: वीज महागली, कामवाल्या मावशींनी पगार वाढवला, वगैरे. कारण दिलं की त्यावर वाद घालायला जागा मिळते.

नाही म्हणायचं असेल तर असं चालेल:

‘नमस्कार. तुम्ही विचारलेल्या तारखांना दर रात्रीला २,००० आहे, त्यात बदल करता येणार नाही. सात किंवा जास्त रात्री राहणार असाल तर १,६०० पडतील. उद्या संध्याकाळपर्यंत कळवलंत तर खोली राखून ठेवतो.’

हो म्हणायचं असेल तर अट आधी आणि आकडा मागून:

‘पूर्ण पैसे आज भरून बुकिंग पक्कं करणार असाल तर तीन रात्रींचे ५,४०० होतील. नंतर रद्द झाल्यास परतावा नाही.’

प्लॅटफॉर्मवरून विचारणा आली असेल तर कमी केलेला दर तिथल्याच ‘स्पेशल ऑफर’मधून पाठवा, आकडा, तारखा आणि माणसं एका जागी नोंदली जातात. एकदा उत्तर दिल्यावर पुन्हा घासाघीस आली तर तोच मेसेज पुन्हा पाठवा. तिसऱ्यांदा आली तर सोडून द्या. येण्याआधी तीनदा भाव पाडणारा पाहुणा आल्यावर टॉवेल मोजायला लावतो, असा अनुभव बहुतेक यजमान सांगतात.

‘बाहेरून करू, कमिशन वाचेल’

प्लॅटफॉर्मवर भेटलेला पाहुणा म्हणतो, बुकिंग रद्द करा, मी थेट पैसे पाठवतो. मोह होतो. पण प्लॅटफॉर्मच्या नियमांत हे बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि त्याने टीव्ही फोडला तर तिथून मिळणारं संरक्षणही गेलं. थेट पाहुणे हवेत तर ते थेटच मिळवा: कंपनीच्या ॲडमिन विभागाला भेटा, कार्यालयवाल्यांना कार्ड द्या. तो वेगळा धंदा आहे आणि तो उघडपणे करता येतो.

याच रस्त्याने फसवणूकही होते. ‘लष्करात आहे, दहा जणांचं बुकिंग, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

बिल आणि जीएसटी

‘जीएसटी सोडून किती?’ हाही सवलतीचाच एक प्रकार. इथे नियम समजून घ्या, मग उत्तर आपोआप सुटतं.

- वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी केलेली नसेल, तर तुम्ही पाहुण्याकडून जीएसटी घेऊच शकत नाही. त्यामुळे ‘सोडायला’ तुमच्याकडे काही नसतं. तसं स्पष्ट सांगा.
- असं बुकिंग प्लॅटफॉर्मवरून आलं तर कर गोळा करून भरण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मची.
- नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याच्यावर १८ टक्के. सवलत बिलावरच दाखवा, म्हणजे कमी झालेल्या रकमेवरच कर लागतो. पाहुणा गेल्यावर तोंडी सोडलेल्या पैशांचा करात उपयोग होत नाही.

कंपनीच्या पाहुण्यांकडून आणखी एक मागणी येते, ती दबक्या आवाजात. ‘मला १,५०० ला द्या, बिल मात्र २,००० चं करा.’ वरचे पाचशे तो कंपनीकडून घेणार. ही सवलत नाही, खोटं बिल आहे. त्यावर सही तुमची असते आणि जास्तीच्या उत्पन्नावर कर भरण्याचा प्रश्नही तुमचाच. उद्या कंपनीच्या ऑडिटमध्ये निघालं तर त्या कंपनीचं दार कायमचं बंद. सरळ नाही म्हणा.

महिनोन्महिने राहणारा पाहुणा

वर हिशेबात तो फायद्याचा ठरला. पण इथे कागदांकडे दुर्लक्ष करू नका. दोन-तीन महिन्यांसाठी अख्खा फ्लॅट दिलात तर तो पाहुणा आहे की भाडेकरू, ही रेषा पुसट होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. तो करवून घेण्याची जबाबदारी मालकाची. करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. ‘सवलतीत दिला, कागद कशाला’ म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. नोंदणी ऑनलाइन होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. सोसायटीच्या नियमांत काय लिहिलंय तेही बघून घ्या.

लांब मुक्कामाचा एक फायदाही आहे. १५ जुलै २०२४ पासून, दरडोई महिन्याला २०,००० रुपयांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटीची माफी आहे. नोंदणी असलेल्या यजमानांनी तीन महिन्यांची मागणी आली तर कंपनीला हे जरूर सांगावं. तुमच्या खिशातून काही न जाता त्यांचा खर्च कमी होतो.

पाहुणा परदेशी असेल, आणि चाकणमुळे जर्मन, कोरियन, जपानी पाहुणे येतातच, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. एका रात्रीच्या, फुकटच्या पाहुण्यालाही यातून सूट नाही.

आल्यानंतर मागितलेली सवलत

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. गीझर बंद होता, सांगितलेलं पार्किंग मिळालं नाही, चादर मळकी निघाली, तर पाहुणा मागतोय ती सवलत नसून भरपाई आहे. त्याने तोंड उघडण्याआधी तुम्हीच द्या. त्या रात्रीच्या दराचा ठरावीक भाग परत करा आणि मेसेजमध्ये तशी नोंद ठेवा. गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीमुळे वीज जाते, चाकणच्या कोंडीत तास जातो. या गोष्टी तुमच्या हातात नाहीत, पण बुकिंगआधी सांगणं हातात आहे. सांगितलेलं असेल तर भरपाई देणं लागत नाही.

दुसरा प्रकार: सगळं ठीक असताना निघताना ‘पाचशे परत करा, नाहीतर एक स्टार देईन’. हा दबाव आहे. रिव्ह्यूचा असा वापर एअरबीएनबीच्या धोरणात स्पष्टपणे मना आहे. बोलणं मेसेजवर आणा, स्क्रीनशॉट घ्या, तक्रार करा. पैसे देऊ नका. घाबरून दिलेत तरी एक स्टार येणार नाही, याची हमी कोणी देत नाही.

तुमचा हक्क कुठपर्यंत

दर ठरवणं आणि सवलत नाकारणं हा तुमचा हक्क आहे. कारण द्यायचं बंधन नाही. पण जाहीर केलेला दर, पक्कं झालेलं बुकिंग मोडून वाढवता येत नाही. तसंच:

- आधी ३,००० लिहून मग २,००० ला ‘खास सवलत’ म्हणू नका, तीन हजाराला कधी दिलीच नसेल तर. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ही दिशाभूल ठरते.
- साफसफाईचे पैसे शेवटी हळूच जोडू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न्स’विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा प्रकार नावानिशी आहे.
- जात, धर्म, प्रांत बघून कोणाला कमी आणि कोणाला जास्त असं करू नका. प्लॅटफॉर्मवरून काढलं जाण्याचं ते एक पक्कं कारण आहे, आणि मुळात ते वाईट आहे.
- ओळखपत्र बघणं योग्य, पण आधारच द्या असा हट्ट नको. शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र चालतं.

या आठवड्यात एवढं करा. तुमचे दोन खालचे आकडे, सात रात्रींचा दर, महिन्याचा दर आणि सवलत न देण्याच्या तारखा एका कार्डावर लिहा आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरात फोन कोणीही उचलो, आई, सूनबाई किंवा मुलगा, सगळ्यांनी ‘बघून मेसेज करतो’ म्हणायचं आणि मेसेज त्याच कार्डावरून लिहायचा.